मांजर कुणाचं?

‘कुत्रं माणसाचं, मांजर घराचं’, असं आजी म्हणायची. इतिहासाची सुरुवात तरी तिच्याच बाजूची आहे. पश्चिम आशियात माणूस शेती करून धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पोट भरत होतं म्हणून ती राहिली.

पण २००४ साली सायप्रस बेटावरच्या शिलूरोकांबोस इथल्या एका थडग्याची माहिती प्रसिद्ध झाली. थडगं सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. त्यात तिशीच्या आसपासचा माणूस आणि ४० सेंटीमीटरवर, वेगळ्या छोट्या खड्ड्यात, आठेक महिन्यांचं मांजर. दोघांची डोकी पश्चिमेला. त्या बेटावर मुळात रानमांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी ती होडीतून समुद्रापार नेली होती.

उंदरांसाठी नेली असतील, मान्य. पण मेलेलं मांजर उंदीर धरत नाही. संशोधकांच्या मते, एवढं कोवळं मांजर माणसाच्या सोबतीसाठी मुद्दाम मारलंही असेल. तसं असेल, तर या नात्यात माया आहे आणि जबरदस्तीही.

आमची मनी गेली, तेव्हा परसात खड्डा खणायला आजीनेच लावलं होतं. ‘मांजर घराचं’ हे त्या दिवशी ती म्हणाली नाही.