फुकट इंटरनेट आणि वेगळा पाणवठा

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. बोलायचं स्वातंत्र्य असून भागत नाही, आवाज पोचवायची वाट ज्याच्या ताब्यात आहे तो ती अडवू शकतो, हे आपल्या चळवळीला तेव्हापासून ठाऊक आहे. नेट न्यूट्रॅलिटीचा लढा याच वाटेसाठी होता. 2015-16 मध्ये तो भारतात झाला, आणि दोन्ही बाजूंनी गरिबाचं नाव पुढे केलं गेलं. म्हणून त्याचा इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे.

पोस्टमन पत्र कुणाचं आहे हे पाहून वेगळं तिकीट मागत नाही. तसंच मोबाईल कंपनीने डेटा विकावा, त्यावर ग्राहक काय पाहतो यात ढवळाढवळ करू नये. एका साइटला फुकट, दुसरीला पैसे. एकीला वेग, दुसरीला अडथळा, असं करू नये. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे एवढंच.

कंपन्यांना हे जाचत होतं. व्हॉट्सअॅप आणि स्काइपमुळे आमचं उत्पन्न बुडतं, ही त्यांची तक्रार होती. मार्च 2015 मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने सल्लामसलतीचा कागद काढला. त्यातली भाषा कंपन्यांचीच वाटते, अशी टीका तेव्हाच झाली. एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो' आलं: अॅपवाल्याने एअरटेलला पैसे द्यायचे, ग्राहकाला ते अॅप फुकट. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत, त्याचं काय? लोक चिडले. दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले.

त्याआधीच, फेब्रुवारी 2015 मध्ये, फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' आणलं होतं. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्रही होता. पुढे त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. दावा असा की गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडं तरी मिळेल. हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या वस्तीत रिचार्ज आणि किराणा यांतून एक निवडावं लागतं, तिथे फुकट शब्दाला वजन असतं.

पण मिळणार काय होतं? फेसबुकच्या अटी मान्य केलेल्या मोजक्या साइट. पैसेवाल्याला अख्खं इंटरनेट, गरिबाला त्याचा एक कोपरा. 'तुमच्यासाठी वेगळी विहीर खोदून देतो, तळ्यावर येऊ नका', हे आपण ओळखतो. वेगळ्या विहिरीतही पाणीच असतं. प्रश्न पाण्याइतकाच बरोबरीचा असतो.

डिसेंबर 2015 मध्ये ट्रायने वेगवेगळ्या डेटा दरांवर मतं मागवली. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांपुढे तयार मजकूर ठेवला आणि एका क्लिकवर तो ट्रायला पाठवायला लावला. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती. ट्रायने पत्र लिहून कंपनीला खडसावलं.

याच दिवसांत, 17 जानेवारी 2016 रोजी, हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याचं शेवटचं पत्र काही तासांत देशभर वाचलं गेलं. ते फेसबुकवरूनही पसरलं, हे मान्य. पण 'राउंड टेबल इंडिया', 'दलित कॅमेरा' यांसारखी आपली माध्यमं उभी राहिली ती कुणाची परवानगी न मागता. फाटकावर पहारेकरी असता, तर त्यांना आधी अर्ज करावा लागला असता.

8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नियम केला: मजकूर पाहून डेटाचे दर वेगळे ठेवायचे नाहीत. मोडल्यास दिवसाला 50 हजार, कमाल 50 लाख रुपये दंड. काही दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायने ग्रामीण ग्राहकांना महिन्याला 100 एमबी मोफत डेटा देण्याची शिफारस केली. म्हणजे फुकट देऊनही बरोबरी राखण्याचा रस्ता होता. 2018 मध्ये हे तत्त्व परवान्याच्या अटींतही आलं.

अमेरिकेत उलट झालं. तिथल्या नियामकाने, एफसीसीने, 2015 मध्ये केलेला नियम 2017 मध्ये रद्द केला. तेव्हाचे अध्यक्ष अजित पै हे पूर्वी व्हेरायझन या दूरसंचार कंपनीचे वकील होते. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी 2021 मध्ये चौकशी अहवाल दिला: आलेल्या सुमारे 2 कोटी 20 लाख मतांपैकी जवळपास 1 कोटी 80 लाख बनावट होती. त्यातली 85 लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आली होती. सामान्य माणसांची नावं त्यांना न विचारता वापरली गेली. नियामक ताब्यात घ्यायला लाचच लागते असं नाही. खुर्चीवर आपल्या मुशीतला माणूस आणि फाइलमध्ये जनतेचा खोटा आवाज, एवढ्यावर भागतं.

आपल्याकडे लढा जिंकला. पण त्यात आपण किती होतो? सल्लामसलतीचा कागद इंग्रजीत, उत्तर ईमेलने. ट्रायवर एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त चार सदस्य. नेमणूक केंद्र सरकार करतं. पात्रतेत दूरसंचार, उद्योग, वित्त, कायदा, ग्राहक व्यवहार असे विषय आहेत. वंचितांच्या प्रतिनिधित्वाची अट नाही. ज्यांच्या नावाने भांडण झालं, ते टेबलावर नव्हते.

आणि नियम कागदावर असून पुरत नाही. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना तळ्यावर जावंच लागलं, आणि न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. आज मोबाईल कंपन्या मोठ्या अॅपवाल्यांकडून नेटवर्कच्या खर्चाचा वाटा मागत आहेत. आज मोठ्यांकडून घेतलेला टोल उद्या छोट्या चॅनलपर्यंत येणार नाही, याची हमी कोण देणार?

1919 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. आपल्या वतीने दुसरा बोलेल यावर ते विसंबले नाहीत. ट्रायचे सल्लामसलतीचे कागद त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले असतात. पुढचा कागद येईल तेव्हा आपल्या अभ्यास मंडळात तो वाचा, मराठीत समजावून सांगा, आपल्या शब्दांत उत्तर पाठवा. कागद भारतीय भाषांत यावेत ही मागणीही लावून धरा.

जय भीम!