सोडण्याआधीचा माणूस

व्यसनमुक्ती म्हटले की मराठी वाचकाला पुण्याचे मुक्तांगण आठवते. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या या केंद्रामुळे घरातल्या दारूविषयी, गर्दविषयी उघड बोलायची सवय आपल्याला लागली. तिथले काम ‘मला सोडायचे आहे’ इथून पुढे जाते. हे पुस्तक त्या वाक्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाविषयी आहे. तो आज सोडणार नाही, कदाचित वर्षभर सोडणार नाही. तोवर त्याला एचआयव्हीची लागण होऊ नये, जखम चिघळू नये, जादा डोसाने जीव जाऊ नये, यासाठी काय करता येईल?

‘हार्म रिडक्शन’ नावाची ही शाखा विद्यापीठात जन्मली नाही. १९८०च्या सुमारास रॉटरडॅममध्ये नशा करणाऱ्यांनीच आपली संघटना बांधली. १९८४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ‘वापरलेली सुई द्या, नवी घ्या’ अशी सोय झाली, तीही हेपटायटिस बीच्या भीतीने. एडिंबरात मात्र सिरिंज मिळणेच अवघड करून ठेवले होते आणि पोलीस त्या जप्तही करत. एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका दवाखान्याच्या अभ्यासात सुईने हेरॉइन घेणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली.

सुया वाटणे म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणे, असे म्हणणारे भेटतील. त्यांना वेड्यात काढू नये. घरातली भांडी एकेक करून विकली जाताना जिने पाहिली, त्या आईने तरी दुसरे काय म्हणावे? तरीही सुया दिल्यामुळे नशा करणारे वाढल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही.

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ नंतरच्या टप्प्यात सुई-सिरिंज वाटपाला ब्युप्रेनॉर्फिनची जोड मिळाली. ही गोळी रोज नर्ससमोर जिभेखाली विरघळवायची. ती नशा न मिळाल्यावरची अंगदुखी, उलट्या, तळमळ थोपवते. मग दिवस पुडीच्या शोधात जात नाही. पण केंद्रापर्यंत माणूस आणतो तो पीअर, म्हणजे स्वतः या वाटेने गेलेला कार्यकर्ता. कोणत्या पुलाखाली कोण बसते, कोण दोन दिवस दिसला नाही, हे त्याला ठाऊक असते. अनेकदा पहिली भेट हातावरच्या गळवाची मलमपट्टी करण्यापुरती असते. तिथे उपदेश झाला तर दुसरी भेट होत नाही. ‘लवकर मदत’ या भारदस्त शब्दांमागे मला ही मलमपट्टीच दिसते.

कायद्याची गुंतागुंत मोठी आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने नशा करणे हाच गुन्हा ठरवला, आणि त्याच माणसाला सरकारी खर्चाने नवी सुई मिळते. वकिलांनी आणि पोलीस अधिकाऱ्यांनी पुस्तकातले कायद्यावरचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. पीअर कार्यकर्त्यांवरचे प्रकरण मात्र कुणीच गाळू नये. त्यांच्या माहितीवर अहवाल लिहिणाऱ्यांना पगार आणि त्यांना स्वतःला मानधन, ही विभागणी या क्षेत्राला अजून टोचायला हवी तेवढी टोचत नाही.