ओळख कुणाची, सातबारा कुणाचा

'ग्रामीण युवक' हा शब्द गावात कुणाच्या तोंडून ऐकलाय का हो कधी? मी तरी नाही ऐकला. आमच्याकडे 'पोरं' असतात, 'पोरगं हाताशी आलं' असं म्हणतात, फार तर 'तरणीताठी मंडळी'. 'ग्रामीण युवक' राहतो तो फक्त सरकारी परिपत्रकात, संस्थांच्या अहवालात आणि प्रशिक्षणाच्या बॅनरवर. तरीही गेली पन्नासेक वर्षं आमच्या बारामती-इंदापूर भागात या माणसासाठी जेवढं काही उभं राहिलं तेवढं फार कमी तालुक्यांत राहिलं असेल. बरेच दिवस यावर लिहीन लिहीन म्हणत होतो. घरात सध्या एक विषय चाललाय (त्याच्याकडे येतोच), त्या निमित्ताने आज बसलो.

माझं वडिलांकडचं गाव इंदापूर तालुक्यात आणि आजोळ बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, मोरगाव-सुप्याच्या बाजूला. त्यामुळे पाणी असलेलं आणि नसलेलं, दोन्ही जग लहानपणापासून बघत आलो. मामाच्या गावाला सुट्टीत गेलं की एका हंड्यात अंघोळ, आणि घरी आलं की पाटात डुंबणं. दोन्हीकडची पोरं तेवढीच हुशार, तेवढीच उनाड. पण पुढे कोण कुठे गेलं हे बघितलं की गंमत वाटते, आणि थोडं वाईटही.

आधी जरा इतिहास. बारामतीत माणसाला ओळख मिळायची ती पूर्वी आश्रयदात्यामुळे. मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे, पण त्यांचं आयुष्य गेलं बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. १७९४ मध्ये ते इथेच वारले. आजही गावाला 'कवी मोरोपंतांची बारामती' म्हणून अभिमान आहे. पण नाईकांच्या वाड्यापर्यंत जो पोचला नाही, अशा एखाद्या पोराला चार ओळी जुळवता येत असतील तर त्याचं काय झालं? ते लिहून कोण ठेवणार!

मग आलं पाणी. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या काळात नीरा डाव्या कालव्याचं काम हाती घेतलं गेलं आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं. पुरंदर, बारामती, इंदापूर असा हा पाट जातो. पाणी आलं म्हणून लगेच सगळे बागायतदार झाले असं नाही. आमच्या पूर्वजांना ज्वारी-बाजरीची सवय, पाणपट्टीची भीती. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळं चालवली, आणि त्यांचं बघून बाकीचे शिकले. म्हणजे आमच्या भागातलं पहिलं 'प्रशिक्षण' हे बांधावरून शेजाऱ्याचा ऊस बघण्याचं होतं. त्याला प्रमाणपत्र नव्हतं.

१९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसलं. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला आणि त्याच दशकात ती लाट आमच्याकडे आली, माळेगाव आणि भवानीनगर. तेव्हापासून पुढची तीस-चाळीस वर्षं आमच्याकडे तरुणाची ओळख एका वाक्यात व्हायची : 'कारखान्यात लागलाय.' लग्नाच्या बैठकीत एवढं वाक्य पुरे. मुलगा काय करतो, कशात हुशार आहे, कोण विचारतंय! १९६२ मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा पोरांना पुण्याला न जाता पदवीपर्यंत शिकायची सोय झाली. माझ्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण त्याच कॉलेजातले.

आता तारखांकडे नीट बघा. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, म्हणजे आपलं एनएसएस. १९७१ मध्ये डॉ. अप्पासाहेब पवारांनी बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभारला. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान. त्याच १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, केंद्र सरकारने नेहरू युवा केंद्रं सुरू केली. आणि हे सगळं घडत असताना बाहेर काय चाललं होतं? १९७२ चा दुष्काळ. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. माझे मामा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. ते पाझर तलावाच्या कामावर माती उचलत होते. त्यांच्याच वयाचा बागायती भागातला मुलगा कॉलेजच्या एनएसएस शिबिरात श्रमदान करत होता. दोघांनीही मातीच उचलली, पण एकाच्या हातात शेवटी प्रमाणपत्र आलं आणि दुसऱ्याच्या हातात मजुरी. (मामा म्हणायचे, "मजुरी बरी होती, ती खाता येत होती!") वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेने पुढे कायद्याने कामाचा हक्क दिला, ही फार मोठी गोष्ट. पण हमीवर गेलो होतो हे कुणी अभिमानाने सांगत नाही. आमच्याकडे पाझर तलावाला कुणाचं नाव दिलंच, तर ते माती उचलणाऱ्याचं नसतं.

संधी आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं जे मला वाटतं ते इथूनच. एक मिळाली की दुसरी आपोआप मिळते असं आपण धरून चालतो. तसं होत नाही.

याच सुमारास आणखी एक चांगली कल्पना आली. १९७३ मध्ये नेमलेल्या मोहनसिंह मेहता समितीने सुचवलं की शेतीचं शिक्षण पदवीवाल्यांपुरतं ठेवू नका, हाताने करून शिकवणारी केंद्रं काढा. १९७४ मध्ये पहिलं कृषी विज्ञान केंद्र पाँडिचेरीला सुरू झालं. आज देशात सातशेहून जास्त आहेत. बारामतीचं केंद्र १९९२ चं, ट्रस्टच्याच आवारात, शारदानगरला. या केंद्रांच्या कामात प्रशिक्षणाचे तीन गट ठरलेले असतात : शेतकरी, ग्रामीण युवक आणि विस्तार कार्यकर्ते.

पहिले दोन गट पुन्हा वाचा. शेतकरी वेगळा आणि ग्रामीण युवक वेगळा! कागद करणाऱ्याने सोयीसाठी तसं केलं असेल, पण आमच्या घराघरातली गोष्ट त्यात बरोबर आली आहे. बाप तो शेतकरी. मुलगा तो युवक.

आता घरातला विषय. माझ्या चुलतभावाचा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. कृषी पदविका झाली, ठिबक, रोपवाटिका, शेळीपालन अशी प्रशिक्षणं झाली. प्लॅस्टिकच्या एका फायलीत त्याने सगळी प्रमाणपत्रं लावून ठेवली आहेत. आमच्या डाळिंबाच्या बागेत गेली पाच वर्षं छाटणी कधी करायची, पाणी कधी तोडायचं, फवारा कुठला, हे तोच ठरवतो. गेल्या वर्षी शेडनेटसाठी कर्ज काढायला तो एका बँकेत गेला. साहेबांनी फाईल चाळली, कौतुक केलं, चहासुद्धा पाजला. मग विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?" आजोबांच्या. "मग आजोबांना घेऊन या." आजोबा ब्याऐंशी वर्षांचे, त्यांना जिना चढवत नाही. पोरगं परत आलं. आता ते म्हणतंय की एमआयडीसीत जातो, निदान ओळखपत्रावर फोटो तरी माझा असेल. घरात यावरून दोन तट पडलेत.

बँकेला दोष देण्यात अर्थ नाही. तारण म्हटलं की जमीन आली आणि जमीन म्हटली की नाव आलं. पण एकदा हे डोक्यात आलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. राज्य सरकार वसंतराव नाईक शेतीनिष्ठ शेतकरी पुरस्कार देतं, कृषिभूषण देतं, बायकांसाठी जिजामाता कृषिभूषण आहे, तरुण शेतकऱ्यांसाठीही पुरस्कार आहे. पण शेतकरी म्हणून अर्ज करायचा तर सातबारा आणि आठ-अ आधी पुढे करावा लागतो. पीएम-किसानची मदत १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन होती त्याला, किंवा त्याच्यामागे वारसाने ज्याला मिळाली त्याला. आता शेतकरी ओळख क्रमांक आला, म्हणजे नावातच 'ओळख' आहे, तोही जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला. आणि युवक कोण? २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १३ ते ३५ वर्षं वयाचा, २०१४ च्या धोरणात १५ ते २९. म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी आमचा पोरगा युवक म्हणून संपणार. शेतकरी म्हणून कधी सुरू होणार? आमच्या घराण्याची चाल बघता पन्नाशीत. मधली वीस वर्षं तो सरकारदरबारी कोणीच नाही.

जुने सातबारे ज्यांनी बघितलेत त्यांना 'ए.कु.मॅ.' ही अक्षरं आठवत असतील. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव लागायचं आणि बाकीचे त्या तीन अक्षरांच्या पोटात. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडू नयेत, कुटुंब एकत्र राहावं, हा त्यामागचा विचार वाईट नव्हता. पण त्या पोटात कोण कोण गेलं याची यादी केली तर आमच्या घरातले चार काका आणि झाडून सगळ्या बायका निघतील.

बायकांचं तर काय सांगावं. युवक मंडळ म्हणजे पोरांचं मंडळ, हे इतकं गृहीत की 'युवती' हा शब्द बॅनरवर यायला किती वर्षं लागली. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून. १९९४ मध्ये राज्याचं महिला धोरण आलं. पंचायतीत आधी एक तृतीयांश जागा आल्या, मग २०११ पासून निम्म्या. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात आसपासच्या गावांतल्या बायका-मुली कामाला जातात. आमच्या भावकीतली एक सून जाते. तिचा पगार तिच्या खात्यावर जमा होतो. तिला मी विचारलं, काय बदललं? ती म्हणाली, "तिथं मला माझ्या नावानं हाक मारतात. गावात मी अमक्याची बायको." मला वाटतं, पगाराइतकीच तिला ती हाक महत्त्वाची वाटत असावी.

आणि एक उदाहरण, जे कुठल्याच योजनेत बसत नाही. १९८० मध्ये उजनी धरण झालं. इंदापूर-करमाळ्याच्या काठची गावं उठली, जमिनी गेल्या. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, ते पाणी फार उतरलं की वर येतं. धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढीला ना धड शेती, ना धड नोकरी, बरेच जण मासेमारीकडे वळले. मग हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येऊ लागले. काठावरच्या पोरांनी त्यांना होडीतून न्यायला सुरुवात केली. पुढे ती पक्ष्यांची नावं शिकली, पक्षी बिचकणार नाही अशी होडी लावायला शिकली. आज तिथले काही नावाडी पक्ष्यांबद्दल असं बोलतात की ऐकत राहावं. लोक विचारत येतात ते त्यांच्या नावाने. ज्या पाण्याने आजोबांचा सातबारा बुडवला त्याच पाण्यावर नातवाने नाव कमावलं! अर्थात यावरून धरणग्रस्तांचं बरं झालं असं कुणी म्हणू नये. मला त्यात दिसतं ते एवढंच, की त्या पोराला कुणी 'आजोबांना घेऊन ये' म्हटलं नाही. त्याच्या हातातली विद्या हाच त्याचा कागद होता.

जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी बारामतीच्या ऊसशेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाचं नाव घेतलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती धमाल होती. अभिमान मलाही वाटला. पण शिवारातून फोनवर येणारी माहिती वाचणार कोण? घरातलं पोरगंच. आणि ऊस कारखान्यात कुणाच्या नावावर जाणार? तात्यांच्या.

तर नातेवाईक मंडळी, हे मुख्यतः तुमच्यासाठी. (बाकीच्या वाचकांनी आपापल्या घरात ताडून बघावं.) महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून घरातल्या घरात वाटप करता येतं. सगळी जमीन वाटा असं मी म्हणत नाही. तात्यांचा जीव त्या जमिनीत आहे आणि त्यांनी काय सोसून ती राखली हे आपण सगळे जाणतो. पण ज्या दोन एकरांत डाळिंब आहे ते त्याच्या बापाच्या हिश्शात धरून आजच वेगळे निघाले, आणि पुढे बापाने ते बक्षीसपत्राने पोराच्या आणि त्याच्या बहिणीच्या नावावर केले, तर कुणाचं काय जातं? बहिणीचं नाव मुद्दाम लिहितोय. ती सासरी गेली तरी छाटणीला येते.

पोराने एमआयडीसीत जायचं ठरवलं तर जावं, तेही मानाचंच काम आहे. पण निदान ते त्याने ठरवलेलं असावं, बँकेच्या टेबलावर ठरलेलं नसावं.

दिवाळीत सगळे जमणारच आहोत. तेव्हा तात्यांशी कोण बोलणार ते आधी फोनवर ठरवा. मी बोलायला तयार आहे. फक्त आत्या, तुम्ही शेजारी बसा, म्हणजे ते रागावायचे नाहीत.