परदेशी गृहशिक्षक, रशियातील
अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत रशियातील सरदार-जमीनदारांच्या घरी राहून मुलांना शिकविणारे, तसेच स्वतःच्या छोट्या खाजगी शाळा चालविणारे फ्रेंच, जर्मन, स्विस इ. परदेशी रहिवासी. पहिल्या पीटरने १७०२ च्या जाहीरनाम्याने परदेशीयांना निमंत्रण दिले, तेव्हा त्याला मुख्यत्वे लष्करी अधिकारी, व्यापारी व कारागीर हवे होते. पुढे दरबारी वर्गात फ्रेंच भाषेची प्रतिष्ठा वाढली आणि शिक्षकांना एवढी मागणी आली, की त्यांची पात्रता पारखून घेण्याची गरज फारशा कोणाला वाटली नाही. मॉस्को विद्यापीठाच्या स्थापनेच्या हुकूमनाम्यातच (१७५५) याविषयी तक्रार आढळते : भारी वेतन देऊन ठेवलेल्या अशा शिक्षकांपैकी बहुतेकांना शास्त्रांची तोंडओळखही नसते आणि चांगल्या शिक्षकांच्या अभावी हुजरे व केशकर्तनकार म्हणून आयुष्य घालविलेले लोकही शिकवू लागतात.

या परिस्थितीवर उपाय म्हणून सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १७५७ मध्ये हुकूम काढला. त्यानुसार सेंट पीटर्झबर्ग येथे विज्ञान अकादमीत, तर मॉस्को येथे विद्यापीठात परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविल्याखेरीज परदेशीयास घरी शिकविण्याची अथवा शाळा चालविण्याची मनाई झाली. विनाप्रमाणपत्र शिक्षकाला हद्दपारीची आणि त्याला ठेवून घेणाऱ्या यजमानाला शंभर रूबल दंडाची शिक्षा होती. मालकालाही जबाबदार धरणारी ही तरतूद दूरदृष्टीची म्हटली पाहिजे. पण परीक्षेची केंद्रे दोन आणि साम्राज्य अफाट. शिवाय दूरच्या गढीवर कोण शिकवितो, हे पाहणार कोण? फोनव्हीझिनच्या नेदोरस्ल (१७८२) या सुखात्मिकेतील जर्मन शिक्षक मुळात गाडीवान असतो. हुकुमानंतर पंचवीस वर्षांनीही प्रेक्षकांना हा विनोद सहज कळत होता.

सगळेच शिक्षक असे नव्हते. फ्रेंच क्रांतिकारक मारा याचा भाऊ दाव्हीद हा १७८४ मध्ये साल्तिकोव्ह कुटुंबात शिक्षक म्हणून आला. पुढे त्याने ‘द बूद्री’ हे नाव घेतले व १८११ पासून त्सार्स्कोये सेलो येथील विद्यालयात फ्रेंच शिकविले. पुश्किन हा त्याचा विद्यार्थी. आणि कॅप्टनची मुलगी (१८३६) या कादंबरीत मायदेशी केशकर्तनकार असलेला फ्रेंच शिक्षक रंगविणाराही पुश्किनच.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सत्तेच्या शंकेचे स्वरूप पालटले. राजाच्या वधानंतर १७९३ मध्ये दुसऱ्या कॅथरिनने रशियातील फ्रेंच रहिवाशांवर क्रांतीच्या तत्त्वांचा त्याग करण्याची शपथ लादली. ती नाकारणाऱ्यास देश सोडावा लागे. म्हणजे ज्ञानाइतकीच, किंबहुना अधिक, निष्ठेची तपासणी सुरू झाली. गृहशिक्षकाची उपजीविका व निवास दोन्ही एकाच यजमानाच्या घरी असल्याने शपथ नाकारणे त्याला व्यवहारतः परवडणारे नव्हते.

पहिल्या निकोलसच्या कारकीर्दीत हे धोरण पक्के झाले. दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण रशियातच व्हावे, असा नियम १८३१ मध्ये झाला. साहजिकच मायदेशातील शिक्षकांवर देखरेख अधिक महत्त्वाची ठरली. १८३४ मध्ये परीक्षेच्या दाखल्याबरोबरच बाहेरून येणाऱ्याला परदेशातील रशियन वकिलातीचे सद्‌वर्तनाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. त्याच वर्षीच्या नियमावलीने विद्यापीठाचे पदवीधर व परीक्षा उत्तीर्ण झालेले शिक्षक अशा दोन श्रेणी ठरवून गृहशिक्षकांना शिक्षण मंत्रालयाच्या सेवेत गणले. खाजगी घरातील शिकवणी अशा रीतीने सरकारी नोंदवहीत आली.