सनईवाल्याचं नाव

दिवाळीत नातू पुण्याहून आला होता. "आजोबा, हे ऐका, तुमच्याच काळातलं आहे," म्हणत त्याने माझ्या कानांना हेडफोन लावला. दोन सनया होत्या. एकीने विचारावं, दुसरीने उत्तर द्यावं. लग्नातली सनई म्हणावी तर सूर उदास, पाठवणीच्या वेळचे. मी विचारलं, "कोण वाजवतंय रे?" तो म्हणाला, "जॉर्ज हॅरिसन. बीटल्सवाला."

मास्तरकी अंगात मुरलेली. म्हटलं, "अरे, संगीत त्याचं असेल. पण सनईला ज्याने फुंक मारली तो कोण?" त्याला सांगता येईना. मग आम्ही दोघं शोधायला बसलो. जे हाती लागलं ते सांगतो.

जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पुढे जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकाने त्याला 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला सांगितलं. एक एकलकोंडा प्रोफेसर भिंतीच्या भोकातून शेजारच्या मुलीचं आयुष्य बघत बसतो, अशी ती गोष्ट. हॅरिसनने चित्रपट पाहिला, स्टॉपवॉच लावून कुठल्या प्रसंगाला किती सेकंद संगीत लागेल ते मोजलं, आणि काही भाग लंडनमध्ये ध्वनिमुद्रित करून उरलेल्यासाठी जानेवारी १९६८ मध्ये मुंबई गाठली.

फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तिथे स्टिरिओ यंत्र नव्हतं. कंपनीच्या भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. स्टुडिओ आवाजबंदही नव्हता. खालच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायच्या. संध्याकाळी साडेपाचला इमारतीतली ऑफिसं सुटली की कारकून मंडळी धाडधाड जिना उतरायची आणि ध्वनिमुद्रण थांबवावं लागायचं, असं हॅरिसनने पुढे सांगितलं आहे. मला हे फार आवडलं. जगातला सर्वांत गाजलेला वाद्यवृंद एकीकडे आणि पाच-बावन्नची लोकल पकडणारा आपला कारकून दुसरीकडे! थांबायचं ते बीटलनेच.

आता वादक. सरोदला आशिष खाँ, तबला-पखवाजला महापुरुष मिश्र, संतूरला शिवकुमार शर्मा, तारशहनाईला विनायक व्होरा. सूरबहार चंद्रशेखर नारिंगरेकर यांची, बासरी एस. आर. केंकरे यांची. आणि सनया? शरद जाधव आणि हनुमान जाधव.

जाधव, नारिंगरेकर, केंकरे! मी खुर्चीत सरळच झालो. १ नोव्हेंबर १९६८ ला 'वंडरवॉल म्युझिक' ही तबकडी इंग्लंडमध्ये निघाली. बीटल्सच्या स्वतःच्या 'ॲपल' कंपनीची ही पहिली लाँगप्ले. कुठल्याही बीटलने स्वतंत्रपणे काढलेली पहिली तबकडीही हीच मानतात. तिच्यावर आपली माणसं वाजवत होती. त्याच मुंबई मुक्कामात 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीतही झालं. तेव्हा मी यवतमाळात बी.ए.ला होतो. घरमालकांच्या मर्फी रेडिओवर बिनाका गीतमाला ऐकायचो. यातलं काही म्हणजे काहीच कानावर आलं नाही.

नातवाने मूळ वेष्टनाचा मजकूर मोठा करून दाखवला. वादकांची नावं छापली आहेत, पण कशी? जाधवचं झालंय 'जदेव'. शर्माचं 'शर्मर'. नारिंगरेकरांचं आडनावच गायब, नुसतं 'चंद्र शेखर'.

न्याय म्हणून एक सांगितलं पाहिजे. आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' तबकडीत हॅरिसनच्या एका गाण्याला भारतीय वादकांची साथ होती, पण वेष्टनावर त्यांची नावं नव्हती. इथे ती आली, चुकीची का होईना. म्हणजे हॅरिसनने एक पाऊल पुढेच टाकलं. दोष द्यायचा तर आपल्यालाही द्यावा लागेल. "आपलं संगीत साता समुद्रापार गेलं" असं आपण कौतुकाने म्हणतो, पण ते नेणाऱ्यांपैकी एक-दोन मोठी नावं सोडली तर आपल्याला कोण ठाऊक असतं? आपल्याकडे सनई वाजल्याशिवाय लग्नाला शोभा नाही. लग्नपत्रिकेत मात्र दूरच्या मावसभावाचंही नाव असतं, सनईवाल्याचं नसतं. तो मांडवाच्या तोंडाशी बसतो आणि शेवटच्या पंगतीला जेवतो.

हे लिहिताना स्वतःची एक चूक आठवली, ती सांगूनच टाकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर पटनोंदणीला गेलो होतो. एका बाईने मुलाचं नाव 'लच्चू' सांगितलं. मी शहाणपणाने दाखलखारीज रजिस्टरात 'लक्ष्मण' लिहिलं. वाटलं, बरं नाव दिलं पोराला. पुढे कित्येक दिवस मी 'लक्ष्मण' म्हणून हजेरी घ्यायचो आणि ते पोर समोर बसून गप्प. मी गैरहजेरी मांडायचो. शेवटी शेजारचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, तो हाय की! त्याचं नाव तुमी घेतच नाई." नोंद नंतर बदलली नाही. कामाचा कंटाळा, दुसरं काय. त्याच्या दाखल्यावर माझंच नाव राहिलं, त्याच्या आईचं नाही.

इतिहास म्हणजे शेवटी हजेरीपटच की. माणूस समोर बसलेला असतो, वाजवतही असतो, पण नाव नीट घेतलं नाही तर गैरहजेरी लागते.

नातू पुण्याला परत जाताना त्याच्याकडून ती सनई माझ्या मोबाईलमध्ये घालून घेतली आहे. परवा आमच्या गल्लीत लग्न होतं. मांडवाच्या तोंडाशी सनईवाले दोघं बसले होते. चहा पाठवला, आणि जवळ जाऊन दोघांची नावं विचारली. आधी ते दचकले. तक्रार आहे की काय, असं वाटलं असावं. मग सांगितली. घरी येऊन वहीत लिहून ठेवली आहेत. या वेळी विचारून, जशी सांगितली तशी.