चौकटीत न मावलेली गोष्ट

चित्रकथेचं पुस्तक म्हटलं की डोळ्यांपुढे चौकटी येतात. पानावर पाच-सहा चौकटी, वर निवेदनाची पट्टी आणि बोलणाऱ्याच्या तोंडाशी फुगा. १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ने ही भाषा आपल्या घराघरांत नेली. १९७९ साली याच मालिकेत दिलीप कदम यांच्या चित्रांतून बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्रही आलं.

पुढे २०११ मध्ये ‘नवयान’ या छोट्या, स्वतंत्र प्रकाशनसंस्थेने बाबासाहेबांवरच ‘भीमायन’ हे इंग्रजी पुस्तक काढलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. हे दाम्पत्य मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजातलं. गोंडांच्या गाथा गाऊन सांगणं हे परधानांचं परंपरेचं काम. माणसांना चौकटीत कोंडलं तर त्यांचा जीव गुदमरतो, अशी या चित्रकारांची भूमिका. म्हणून त्यांनी चौकटी टाकल्या आणि घराच्या भिंती-अंगणात रेखायची ‘दिग्ना’ नक्षी घेऊन पान मोकळेपणाने वाहू दिलं.

हा केवळ सजावटीचा हट्ट होता का? याचं उत्तर आपल्या मराठवाड्यातल्याच एका प्रसंगात सापडतं. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. दौलताबाद काय किंवा आपलं जळकोट काय, दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. अंगावर धूळ बसलेली, म्हणून काही जणांनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. लगेच हौद बाटवल्याची ओरड झाली. ओरड करणारे मुसलमान होते. अस्पृश्यता हिंदू समाजाबाहेरही पाठ सोडत नाही, हे बाबासाहेबांनी या अनुभवातून नोंदवलं. अखेर आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, मंडळींना आत सोडलं.

व्याम दाम्पत्याने किल्ल्यालाच हिंस्र पशूचं रूप दिलं. आगगाडी साप होते. प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, तर विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. अक्षरओळख नसलेल्यालाही कोण डंख मारतंय ते कळावं! १९१७ साली बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याने बाबासाहेब बागेत बसून राहिले. त्या पानावर त्यांचा देहच बाग होतो.

चौकटींविना चित्रातून गोष्ट सांगणं महाराष्ट्राला तसं नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या कागदांवरची चित्रं एकेक करून पुढे धरतात आणि रामायण-महाभारताच्या कथा गाऊन सांगतात. तिथेही एका चित्राला एक अख्खा कागद मिळतो.

‘भीमायन’चं वेगळेपण असं की, इथे पानाची मांडणीच कथेचा अर्थ सांगते. पाणी, निवारा आणि प्रवास या तीन गोष्टींभोवती हे पुस्तक गुंफलं आहे आणि तिन्ही ठिकाणी अडवणूक एकच, ‘इथे तुला जागा नाही’. ज्या माणसाला हौदावर, घरात, टांग्यात जागा नाकारली, त्याची गोष्ट सांगताना पुन्हा चार रेघांचं कुंपण कशाला घालायचं? या चित्रकारांनी त्याला सबंध पान दिलं.