लग्नपत्रिकेवरचं चित्र

मोरगावच्या मयूरेश्वर मंदिराच्या चारही कोपऱ्यांवर मिनारासारखे मनोरे आहेत. बाहेरच्या दुकानांत अष्टविनायकाच्या तसबिरी टांगलेल्या असतात. आमच्या घरी भिंतीवर मक्का-मदिनेची तसबीर होती. दोन्ही छापील, दोन्ही स्वस्त. पुढे कॉलेजात कुणीतरी म्हणालं, "ही कसली कला? ही तर कॅलेंडरं!"

ही हेटाळणी जुनी आहे. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. ज्यांना देवळाची पायरी बंद होती, त्यांच्या घरातही या छापील चित्रांमुळे देव पोचला. आनंद कुमारस्वामींसारख्या जाणकारांनी मात्र रविवर्मांच्या कलेला नाकं मुरडली.

१९६२ मध्ये अमेरिकेत अँडी वॉरहोलने सूपच्या डब्यांची ३२ चित्रं गॅलरीत मांडली. त्याच वर्षी जाळीच्या पडद्यातून शाई दाबून तो मेरिलिन मन्रोचा चेहरा पुन्हा पुन्हा छापू लागला. आज ती चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

तीच पद्धत माझ्या चाचांच्या हातात होती. लाकडी चौकट, ताणलेली जाळी, रबराची पट्टी. मोरगावच्या एका छोट्या खोलीत ते लग्नपत्रिका छापत. सकाळी गणपती, दुपारी ७८६ आणि चाँदतारा. रंग केसभर सरकला तरी ते कार्ड बाजूला काढत. गिऱ्हाइकाला तो फरक दिसलाही नसता. त्यांना कुणी कलावंत म्हटलं नाही.

पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, तेव्हा ते पेंटर होते. त्यांचा कॅनव्हास गॅलरीत गेला आणि ते चित्रकार झाले. हात तोच होता. म्हणजे ही रेघ चित्रात नसते. चित्र कुठे टांगलंय आणि कोण बघतंय, यावर ती ठरते.

चाचा गेले, जाळ्या भंगारात गेल्या. लग्न उरकलं की पत्रिका रद्दीत जाते, म्हणून त्यांच्या हातची एकही आमच्याकडे उरलेली नाही. तुमच्या ट्रंकेत एखादी जुनी पत्रिका सापडली, तर टाकू नका. एकाच खोलीत, एकाच हाताने गणपती आणि चाँदतारा दोन्ही तितक्याच निगुतीने छापले जात होते, याचा तो कागद पुरावा आहे. असे पुरावे आज आपल्याला लागणार आहेत.